भोंगा सापडला, आवाज कुठे शोधायचा?

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेने शाळेपुरते छोटेसे संग्रहालय करायचे ठरवले. मुलांनी घराघरांतून पितळी मापे, कंदील, जुनी नाणी, बंद पडलेले रेडिओ गोळा केले. शाळेचा माळा आवरताना हजेरीपटांच्या ट्रंकेमागे एक जड लोखंडी यंत्र निघाले. खाली तीन पायांची घोडी, वर डब्यासारखा पोकळ ढोल, ढोलाच्या कडेला खिडक्या आणि बाजूला हँडल. मुख्याध्यापकांनी मला फोन केला तेव्हा एवढेच म्हणाले, "शेवयांचे यंत्र नव्हे, हे नक्की." एका मुलाने हँडल चार वेळा जोरात फिरवल्यावर मात्र कोणालाच काही विचारायची गरज उरली नाही. सगळे वर्ग बाहेर आले.

मुलांनी लगेच चिठ्ठी तयार केली : '१९७१ च्या युद्धातील भोंगा'. एवढीशी चिठ्ठी, पण तिच्यातल्या प्रत्येक शब्दावर पुढे दोन महिने वाद झाला. तो वाद इथे सांगण्यासारखा आहे, कारण जुने सायरन आणि त्यांचे आवाज जमवताना मोठ्या संग्रहालयांनाही नेमके हेच प्रश्न पडतात.

आधी 'भोंगा' हा शब्द घेऊ. मराठीत आपण तो सढळ हाताने वापरतो. मुंबईच्या गिरणीचा भोंगा, नगरपालिकेचा भोंगा, ध्वनिवर्धकाचा कर्णा, हे सगळे भोंगेच. पण गिरणगावाला पहाटे उठवणारा जुना भोंगा ही वाफेची शिट्टी होती. तिच्यात वाफेचा झोत एका धारेवर आपटतो आणि आतली पोकळी कंप पावते. बासरीतही तत्त्व हेच. शिट्टीचा स्वर तिच्या पोकळीच्या लांबीवर ठरतो. सायरनचे काम अगदी वेगळे आहे. त्यात हवेच्या झोताचे तुकडे केले जातात. खिडक्या असलेली एक तबकडी किंवा ढोल दुसऱ्या तशाच स्थिर ढोलाच्या आत फिरतो. खिडकीसमोर खिडकी आली की हवा बाहेर पडते, सरकली की अडते. दर सेकंदाला असे जितके झोत बाहेर पडतील तितकी त्या आवाजाची वारंवारता. लांबीचा संबंधच नाही. संबंध आहे तो मोजणीचा.

म्हणूनच सायरनचा जन्म धोक्याचा इशारा देण्यासाठी झाला नाही, तो झाला प्रयोगशाळेत. एखाद्या स्वरात सेकंदाला किती कंपने आहेत हे मोजायचे कसे, हा प्रश्न त्या काळी अवघड होता. झोत तोडून स्वर निर्माण करण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन रॉबिसन यांनी करून पाहिली होती. १८१९ मध्ये फ्रान्सच्या शार्ल कान्यार द ला तूर यांनी तिचे नेटके उपकरण बनवले. पेटीच्या झाकणाला तिरकी भोके, त्यावर उलट्या दिशेने तिरकी भोके असलेली तबकडी. खालून हवा सोडली की तबकडी त्या हवेनेच फिरू लागते, आणि वरची दातेरी चाके तिचे फेरे मोजतात. फेरे गुणिले भोके, भागिले सेकंद, की वारंवारता हातात. हे उपकरण पाण्याखालीही गात असे, म्हणून त्यांनी त्याला ग्रीक पुराणातल्या, गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या 'सायरन' स्त्रियांचे नाव दिले. पुढे झेबेक आणि हेल्महोल्ट्झ यांनी सायरनवरच स्वरांचे प्रयोग केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धुक्यात जहाजांना सावध करण्यासाठी सायरन किनाऱ्यांवर आले. १८७३ मध्ये जॉन टिंडल यांनी इंग्लंडच्या साऊथ फोरलंड येथे तोफ, शिट्टी, कर्णा आणि सायरन यांपैकी कोणाचा आवाज समुद्रावर किती दूर जातो याच्या चाचण्या घेतल्या. खलाशांना खडकावर ओढणाऱ्या स्त्रियांचे नाव मिरवणारे यंत्र त्यांना खडकापासून दूर ठेवू लागले. नावांचे असे होते कधी कधी.

मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी आपल्या यंत्राच्या खिडक्या मोजल्या आणि हँडलच्या एका फेऱ्यात आतला ढोल किती वेळा फिरतो ते खडूची खूण करून पाहिले. तुमच्या शाळेत असे यंत्र नसले तरी हे गणित फळ्यावर करता येते. समजा, हँडलच्या एका फेऱ्यात ढोलाचे ४० फेरे होतात, खिडक्या १० आहेत आणि मुलगा सेकंदाला एक फेरा मारतो. वारंवारता ४०० हर्ट्झ. मुलगा दमला, की स्वर खाली उतरतो. विजेच्या सायरनमध्येही स्वर वरखाली होतो तो याच कारणाने. मोटारीचा प्रवाह सुरू केला की जड ढोलाला वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तोडला की तो जडत्वाने फिरत हळूहळू मंदावतो. कोणी 'रडका आवाज काढा' म्हणून तो रचलेला नाही. बटण दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे, एवढेच. सर्वांत साध्या यंत्रातून दोन वेगळे निरोप निघाले : वरखाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. आपल्याकडेही नागरी संरक्षणाचा संकेत हाच आहे, दोन्ही इशारे दोन-दोन मिनिटांचे.

ही भाषा लोकांना शिकवली ती दुसऱ्या महायुद्धाने. ३ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी सव्वाअकराला ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध सुरू झाल्याचे सांगितले आणि काही मिनिटांतच लंडनमध्ये सायरन वाजले. तो इशारा खोटा ठरला. पण सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँब पडले, तेव्हा हा आवाज रोजचाच झाला. जून १९४० मध्ये तर चर्चच्या घंटा वाजवायला बंदी झाली. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या होत्या. म्हणजे युद्धाने एका समाजाच्या कानावर पडणाऱ्या आवाजांची सगळी यादीच बदलून टाकली. संग्रहालयात बंदुका ठेवता येतात. ही यादी कशी ठेवायची?

आता चिठ्ठीतले '१९७१'. आपल्याकडे हवाई हल्ल्यापासून बचावाची तयारी १९७१ च्या बरीच आधी सुरू झाली. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा यांवर बाँब टाकले, त्या वर्षी डिसेंबरात कलकत्त्यावर. मुंबईतही 'ए.आर.पी.'चे स्वयंसेवक, अंधार पाळणे, वाळूच्या बादल्या हे सगळे होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा अनेकांना आधी जपानी हल्लाच वाटला. पुढे १९६२ च्या आणीबाणीत नागरी संरक्षणाला पुन्हा गती आली, १९६५ चे युद्ध झाले, १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, आणि मुंबईत पुन्हा खिडक्यांच्या काचांना काळे कागद आणि मोटारींच्या दिव्यांना काळा रंग लागला.

आमच्या यंत्रावर बनवणाऱ्याची पट्टी नव्हती. तिथे स्क्रूची दोन भोके तेवढी होती. हे यंत्र ४२ चे, ६२ चे की ७१ चे? रंग तीन थरांचा निघाला. गावातले लोक '७१' म्हणाले, कारण त्यांना ते वर्ष आठवत होते. लोकांची आठवण आणि वस्तूचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगभर जुन्या सायरनांच्या बाबतीत हीच अडचण येते. ब्रिटनने १९९२-९३ मध्ये, शीतयुद्ध संपल्यावर, आपले देशभरचे सायरनजाळे मोडीत काढले. सायरन छपरांवरून उतरले, काही भंगारात गेले, काही हौशी संग्राहकांकडे. यंत्र वाचले तरी ते कोणत्या छपरावर होते, कोणाच्या हाती त्याचे बटण होते, शेवटचे कधी वाजले, ही माहिती उतरवतानाच गळून पडते. ती नसेल तर संग्रहालयाच्या दृष्टीने तो एक मोठा पंखा आहे. म्हणून तुमच्या गावात नगरपालिकेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या गच्चीवर जुना सायरन असेल, तर तो काढण्याआधी जागेवर असतानाचे फोटो घ्या, उंची मोजा, तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा आणि तो वाजवणाऱ्या शिपायाला गाठा. यंत्र नंतर आणता येईल.

काही यंत्रे तर आणताही येणार नाहीत अशी होती. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५२ पासून एक सायरन बनवला. त्याला १८० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे मोटारीचे इंजिन होते, लांबी सुमारे १२ फूट, आणि १०० फुटांवर आवाज १३८ डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, या नियमाने मुलांना हिशेब करू द्या. १०० फूट आठ वेळा दुप्पट केले की २५,६०० फूट, म्हणजे जवळजवळ ८ किलोमीटर. तिथे १३८ वजा ४८, म्हणजे ९० डेसिबल! प्रत्यक्षात हवा, झाडे आणि इमारती बराच आवाज खातात, आणि वारा व तापमान त्याला वर किंवा खाली वळवतात, म्हणून एवढा तो पोचत नाही. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली तर आवाज खाली वाकतो आणि दूरवर ऐकू येतो. 'रात्री सायरन जास्त भेसूर वाटायचा' असे आजी म्हणते तेव्हा त्यात भीतीबरोबर थोडे भौतिकशास्त्रही असते.

माझ्या मते सर्वांत कठीण काम यापुढचे, ते म्हणजे आवाज शोधणे. मुलांना वाटले, यात काय, कुठलाही सायरन घेऊ आणि यंत्राशेजारी वाजवू. पण त्या काळात प्रत्यक्ष इशाऱ्याच्या वेळी मुद्रित झालेला आवाज फार दुर्मिळ आहे. सायरन झाल्यावर लोक आडोशाला पळतात, ध्वनिमुद्रणाचे यंत्र लावत नाहीत. वृत्तचित्रांची बरीचशी चित्रफीत मुकी घेतलेली असे आणि आवाज नंतर स्टुडिओत जोडला जाई. चित्रपटांतले सायरन तर एका चित्रपटातून दुसऱ्यात फिरत राहतात. खरा नमुना म्हणून एक सांगतो. २४ ऑगस्ट १९४० च्या रात्री अमेरिकी वार्ताहर एडवर्ड मरो लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाजवळ, सेंट मार्टिन चर्चच्या पायऱ्यांपाशी मायक्रोफोन घेऊन उभे होते. थेट प्रक्षेपण चालू होते. त्यात सायरन ऐकू येतो, आणि त्याखाली माणसांच्या पावलांचा आवाज. पावले पळत नाहीत, चालत आहेत. तो आवाज टिपण्यासाठी मरो यांनी मायक्रोफोन जमिनीजवळ नेला होता. मला विचाराल तर त्या मुद्रणातले मोलाचे कागदपत्र ती पावले आहेत.

मग हाती आलेला आवाज खरा की नंतर जोडलेला, हे ओळखायचे कसे? इथे सायरनचे गणित पुन्हा मदतीला येते. ब्रिटनमधल्या विजेच्या सायरनांना दोन ढोल असत, एकाला १० खिडक्या आणि दुसऱ्याला १२. दोन्ही एकाच दांड्यावर, म्हणून दोन स्वर नेहमी १० : १२, म्हणजेच ५ : ६ या प्रमाणात. हे प्रमाण कोणत्या स्वरांचे? सा आणि कोमल गंधार यांचे. पेटीवर सा आणि कोमल ग एकदम दाबा, त्या सायरनची उदास छटा लगेच कानी येईल. आता गंमत पाहा. ध्वनिफीत पाच टक्के हळू चालली तर दोन्ही स्वर पाच टक्क्यांनी उतरतात, पण त्यांचे प्रमाण ५ : ६ च राहते. म्हणजे मुद्रण कितीही बिघडलेल्या वेगाने ऐकले तरी खिडक्यांचे प्रमाण त्यातून काढता येते. एकच स्वर निघाला, तर तो या जातीचा सायरन नव्हे.

दुसरी खूण विजेची. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, अमेरिकेत ६० चा. या प्रवाहावर चालणारी साधी मोटार आपल्याकडे मिनिटाला सुमारे २,८८० फेरे करील, म्हणजे सेकंदाला ४८. तेव्हा स्वर ४८० आणि ५७६ हर्ट्झचे. तीच मोटार अमेरिकेत ६० आवर्तनांवर चालवली, तर फेरे सेकंदाला ५७.६ आणि स्वर ५७६ आणि ६९१. आपला कोमल गंधार तिथला षड्ज झाला! लंडनच्या दृश्यामागे असा चढा सायरन वाजत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. अर्थात मुद्रणाचा वेग बरोबर आहे हे आधी ठरवायला हवे. त्यासाठी जुन्या मुद्रणात मागे जी बारीक विजेची घूंऽऽ ऐकू येते, जिला आपण खराबी समजतो, तीच मोजपट्टी म्हणून वापरता येते. आता मोबाइलवरही ध्वनीचे वर्णपट दाखवणाऱ्या सोयी फुकट मिळतात, तेव्हा आठवी-नववीच्या मुलांना हे सहज जमेल.

आणि आवाज सापडला म्हणजे तो वाजवता येतो असे नाही. ७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव ठेवला होता. त्याच पहाटे भारताने सीमेपलीकडे कारवाई केली. त्या दिवसांत दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बातम्यांमागे सायरनचा आवाज लावत होत्या. १० मे रोजी सरकारने १९६८ च्या कायद्याचा आधार घेऊन वाहिन्यांना सूचना दिली की जनजागृतीखेरीज कार्यक्रमांत हा आवाज वापरू नये. कारण उघड होते. सारखा ऐकला की कान त्याला सरावतो, आणि खरा वाजेल तेव्हा माणूस उठत नाही. शाळेचे हँडल फिरवल्यावर सगळे वर्ग बाहेर आले होते, हे मुख्याध्यापकांना त्या आठवड्यात पुन्हा आठवले आणि त्यांनी हँडल काढून कपाटात ठेवले.

उलट बाजूही आहे. १० सप्टेंबर २०२० रोजी जर्मनीत देशभर इशाऱ्याचा सराव झाला तेव्हा कित्येक गावांत सायरन वाजलेच नाहीत, कारण शीतयुद्धानंतर ते काढून टाकले होते. मोबाइलवरचे इशारेही उशिरा पोचले. पुढच्याच वर्षी जुलैत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, त्या आपत्तीत जर्मनीत १८० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर तिथे सायरन पुन्हा बसवण्यासाठी पैसा देण्यात आला. संग्रहालयात गेलेली वस्तू पुन्हा छपरावर चढली.

मुलांशी बोलताना मी त्यांना हिरोशिमाचेही सांगितले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी तिथे सावधगिरीचा इशारा झाला होता. हवामान पाहणारे एक विमान येऊन गेले. ७ वाजून ३१ मिनिटांनी तो इशारा उठवला. लोक आपापल्या कामाला लागले. बाँब पडला सव्वाआठला. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही, मग एका मुलीने विचारले, "सर, मग धोका टळल्याचा आवाजसुद्धा ठेवायचा ना?" मोठमोठ्या प्रदर्शनांतही धोक्याचा सायरन वाजवतात आणि दुसरा विसरतात. तिचा मुद्दा बरोबर होता.

मग मुले गावात फिरली. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ मध्ये ध्वनिसंग्रहाचा वेगळा विभाग सुरू केला, तेव्हापासून तिथे हजारो माणसांच्या मुलाखती जमल्या. आपल्याला तेवढे नको, पण १९७१ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगाही आज साठी ओलांडून गेला आहे, तेव्हा वाट पाहण्यात अर्थ नाही. मुलांनी एकच प्रश्न ठरवला : 'तो आवाज कसा होता, काढून दाखवाल का?' मोबाइलवर तेरा माणसांचे आवाज मुद्रित झाले. कोणी दम लागेपर्यंत ऊंऽऽ करतो, कोणी हसतो, एक आजोबा हाताने स्वर वरखाली दाखवतात. दोघांनी काढलेला आवाज स्वच्छ शिट्टीचा होता. चौकशी केली तेव्हा कळले, त्या दोघांचे लहानपण परळला गेले. त्यांच्या कानात गिरणी राहिली होती. एका आजींनी आवाज काढलाच नाही. म्हणाल्या, "मला तो नंतरचा आठवतो, सरळ. तो झाला की आई चूल पेटवायची."

याच सुमारास कोणी तरी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी आणली. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद ठेवतात. भोंगा झाला की पडदे अंधारे करायचे, हा जुनाच संकेत. आमच्या मुलांना ती कल्पना फारशी आवडली नाही.

चिठ्ठी अखेर पाचव्यांदा लिहिली गेली. आता काचेच्या पेटीत यंत्रासमोर असे लिहिले आहे : 'हाताने फिरवण्याचा सायरन. शाळेच्या माळ्यावर सापडला. बनवणाऱ्याचे नाव व वर्ष : माहीत नाही. गावकऱ्यांच्या आठवणीप्रमाणे डिसेंबर १९७१ मध्ये वापर. आवाज : मुलाखत क्रमांक १ ते १३ ऐका. हँडल मुख्याध्यापकांकडे आहे.'